कळसूबाईचा सूर्योदय आणि कोरडा सदरा

ठाण्याहून रात्री निघून कळसूबाईच्या शिखरावर सूर्योदय पाहणाऱ्या गटांची सर्वांत सामान्य चूक म्हणजे फार लवकर माथ्यावर पोहोचणे. शिखराची उंची १६४६ मीटर असून, बारी गावातून सावकाश चढणाऱ्या गटाला साधारण तीन तास लागतात. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पूर्वेला उजळू लागते ते त्याआधी सुमारे अर्धा तास. म्हणून पायथा साडेतीनपूर्वी सोडू नये, कारण घामाने भिजलेल्या अंगाने उघड्या माथ्यावर वाऱ्यात दोन तास बसणे हे चढण्यापेक्षा कठीण असते (पाच वाजता देवळाच्या भिंतीला पाठ लावून कुडकुडलेला मनुष्य हे अनुभवाने सांगत आहे). प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक कोरडा सदरा पाठपिशवीत ठेवावा आणि माथ्यावर पोहोचताच, घाम गार होण्याआधी, तो बदलावा. स्वेटर त्यावर चढवावा, ओल्या कपड्यावर नव्हे. लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत, त्यामुळे मोबाइलचा उजेड पुरेसा मानू नये, डोक्याला बांधायची विजेरीच घ्यावी. शिड्यांचे दांडे दवाने ओले आणि बर्फासारखे गार असतात, तेव्हा पकड चांगली असलेले हातमोजेही जवळ असावेत.