कोंबडी खुडूक बसवण्याआधीची तयारी: अंड्यात पिल्लं मरू नयेत म्हणून

एकविसाव्या दिवशी अंड्यात पुरं वाढलेलं पिल्लू मेलेलं निघालं की बोल कोंबडीला लागतो. चूक बहुतेकदा ती बसण्याआधीच झालेली असते, नाहीतर शेवटच्या तीन दिवसांत. म्हणून तयारी आठवडाभर आधीपासून धरा.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. मार्चनंतर पत्र्याखालची अंडी घेऊच नका. 27 अंशांच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि पुढे मरतो. ओल्या वाळूवर कोरडं मडकं ठेवा, आत भुसा घाला, अंड्याची रुंद बाजू वर ठेवा, तोंडाला फडकं बांधा. घाण लागलेलं, टिचलेलं, पातळ कवचाचं अंडं खायला काढा. धुऊन बसवू नका, ओलीबरोबर जंतू आत शिरतात.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांना महिनाभर आधीपासून ज्वारीसोबत हिरवा पाला, पेंड आणि शिंपल्यांचा चुरा मिळायला हवा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा, आणि तो त्याच घरच्या पैदाशीचा नको. वर्षानुवर्षं एकच रक्त चाललं की कवचात मरणारी पिल्लं वाढतात.

टोपली दीड फूट रुंद, अर्धा फूट खोल घ्या. तळाला चार बोटं माती घालून मध्ये उथळ खळगा करा, वर मऊ गवत. कडब्याची धसकटं नकोत, अंडी टिचतात. गवताखाली चाळलेली राख आणि वाळला कडुलिंबाचा पाला घाला, कोंबडीलाही दोन दिवस आधी राखेत लोळू द्या. अंगावर किडे असले की ती रात्री उठते आणि अंडी गार पडतात. वीज कडाडल्यावर अंडी नासतात अशी समजूत आहे, म्हणून टोपलीत लोखंडी खिळा ठेवतात. ठेवा बापडा, पण पावसाची झड आत येणार नाही हेही पाहा.

दोन रात्री गोट्यांवर बसवून बघा. उठली नाही तर तिसऱ्या रात्री सगळी अंडी एकदम ठेवा. देशी कोंबडीखाली दहा-बारा, थंडीत आठ-नऊ. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली करा. दुसरीने घातलेलं बिनफुलीचं अंडं रोज काढा, नाहीतर पहिली पिल्लं निघताच कोंबडी उठते आणि मागची अंडी तशीच राहतात.

रोज एकदा पंधरा-वीस मिनिटं दाणा-पाण्याला उठवा. ज्वारी-मका अख्खा द्या. ओल्या खाण्याने हगवण लागून अंडी बरबटतात. सातव्या आणि चौदाव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी बघा: सातव्या रात्री शिरांचं जाळं हवं, चौदाव्या रात्री बराचसा भाग काळा दिसायला हवा. स्वच्छ दिसणारं किंवा रक्ताचं कडं दिसणारं काढून टाका.

अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात नाही. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत आतला पडदा चामड्यासारखा होतो, पिल्लू टोच मारून तिथेच अडकतं. म्हणून टोपलीच्या कडेची माती कोमट पाण्याने ओलसर ठेवा. अंड्यांवर गार पाणी शिंपडू नका. श्रावणात मात्र उलटं करा, थेंबही नको. ओल जास्त झाली की पिल्लू फुगतं आणि टोचताना गुदमरतं. पहिल्या टोचेनंतर चोवीस तास थांबा. घाईने सोललं तर शिरा फुटतात, बलक पोटात गेलेला नसतो.

तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी फोडून बघाच. सुरुवातीच्या तीन-चार दिवसांत मेलेली दिसली तर साठवण तपासा. मधल्या दिवसांत मेलेली, पिसं गुंडाळलेली असतील तर खाद्य, ब-2 जीवनसत्त्व कमी पडतंय. पूर्ण वाढलेली असतील तर ओल, गारठा किंवा एकाच रक्ताची पैदास. दुर्गंध आला तर घाण. दोन-तीन खेपा तेच झालं तर ताजी मेलेली अंडी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा आणि कोंबड्यांच्या रक्ताची पुलोरमसाठी (कोंबडीकडून अंड्यातून पिल्लांत जाणारा जंतूंचा आजार) तपासणी करायची का ते विचारा.