फिचा आली का? परदेशात फुटबॉल खेळायला निघालेल्या पोरांसाठी

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मैदानावर मी संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो. महिन्यातून एकदा तरी कुणाचे तरी वडील मोटारसायकल कडेला लावून येतात आणि विचारतात, "आमच्याला स्पेनला पाठवायचं म्हणायलोत, किती खर्च येतो?" खर्चाचं मी सांगतोच. पण त्याआधी त्यांना एक प्रश्न सोबत देतो. तुमचं लेकरू तिथं कोणत्या संघाकडून, कोणत्या अधिकृत सामन्याच्या यादीत असणार? पाठवणाऱ्या माणसाकडून याचं उत्तर कागदावर लिहून मिळत नसेल, तर रुपयाही देऊ नका.

मी १७ वर्षांचा असताना हा प्रश्न मला कुणी सांगितला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळच्या एका निवासी अकादमीत गेलो. पप्पांनी सोयाबीनचे पैसे आणि पतसंस्थेचं कर्ज जोडून फी भरली होती. ज्या एजंटानं पाठवलं तो म्हणाला होता, "क्लबच्या १९ वर्षांखालच्या संघात खेळेल." सराव त्या संघाबरोबर झाला, ते खोटं नव्हतं. पण शनिवार उजाडला की बाकीच्यांच्या अंगात जर्सी आणि माझ्या हातात पाण्याच्या बाटल्यांची जाळी. पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मोरोक्कोच्या पोरानं विचारलं होतं, "फिचा आली का तुझी?" स्पेनमध्ये खेळाडूच्या नोंदणीला, परवान्याला फिचा म्हणतात. मला वाटलं, ओळखपत्राचं विचारतोय. येईल म्हणालो. ती येणारच नव्हती.

कारण साधं आहे. फिफाच्या खेळाडू-नियमावलीतलं कलम १९ सांगतं की १८ वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील, तर होते. युरोपियन युनियनच्या आतल्या आत १६ ते १८ वयाच्या मुलांना काही अटींवर मुभा आहे. सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी एक सवलत आहे. यातलं काहीही सेलूच्या पोराला लागू होत नाही. आणि स्पेनमधले क्लब याबाबतीत डोळेझाक करत नाहीत, कारण तिथं चटका बसलेला आहे: याच नियमावरून फिफानं २०१४ मध्ये बार्सिलोनावर आणि २०१६ मध्ये रेआल माद्रिद व आत्लेतिकोवर नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली. एवढ्या मोठ्या क्लबांचं जिथं चाललं नाही, तिथं गल्लीतला क्लब तुझ्यासाठी कशाला जोखीम घेईल?

म्हणून १८ च्या आत असशील, तर दहा महिन्यांची फी भरून जाऊ नकोस, असंच मी सांगतो. दोन-तीन आठवड्यांचं शिबिर करून यायचं असेल आणि घरची ऐपत असेल, तर जरूर जा. शिकायला मिळतं. फक्त ते शिबिर आहे, संघात निवड नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असू दे. इंग्लंडचं स्वप्न तर आत्ताच बाजूला ठेव. तिथला वर्क परमिट देशाच्या फिफा क्रमवारीकडे बघतो. २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स या इंग्लिश क्लबला सुनील छेत्री हवा होता, पण भारत पहिल्या ७० देशांत नव्हता म्हणून त्याला परमिट मिळालं नाही. छेत्रीला मिळालं नाही, हे लक्षात ठेव.

१८ नंतरचा जो रस्ता आपल्यासारख्याला खरंच झेपतो, तो असा: भाषेच्या किंवा कॉलेजच्या प्रवेशावर विद्यार्थी व्हिसा घ्यायचा आणि तिथल्या खालच्या विभागातल्या क्लबात हौशी खेळाडू म्हणून नोंदणी करायची. पगार नाही. खेळ मात्र खरा. स्पेनच्या व्हिसाला खात्यात पैसे दाखवावे लागतात. २०२३ मध्ये तो हिशोब महिन्याला ६०० युरोचा होता. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल, तर पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून सरकारचा शिक्का, लागतं आणि अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. यात महिने जातात. मुंबईच्या चकरा वेगळ्या. बारावीचा निकाल लागल्यावर सुरुवात केलीस तर सप्टेंबरचा हंगाम हुकलाच समज.

कागदांत आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ जन्मतारखेचा आणि नावाचा होतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात गुरुजी सगळ्यांची जन्मतारीख १ जून लिहायचे. आताही शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी आणि नगरपालिकेच्या जन्म दाखल्यावर तिसरी तारीख असलेली पोरं माझ्याच मैदानावर आहेत. कुणाच्या नावात वडिलांचं नाव मध्ये, कुणाचं आडनावाच्या जागी. पासपोर्ट काढायच्या आधी हे सगळं एकसारखं करून घे. आणि शालेय स्पर्धेत एक वर्ष जास्त मिळावं म्हणून वय कमी लावायचा मोह कुणी घालत असेल, तर तिथंच थांबव. दोन जन्मतारखांचा खेळाडू बाहेरच्या महासंघासमोर उभाच राहू शकत नाही.

दुसरं म्हणजे इथली नोंदणी. आपल्यातले बरेच जण फक्त शालेय स्पर्धा आणि सुब्रोतो कप खेळलेले असतात. ते खेळणं चांगलंच, पण महासंघाच्या दप्तरात त्यानं नाव चढत नाही. क्लबकडून खेळत असशील तर क्लबनं तुला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत टाकलंय का, ते बघ. पुढं परदेशी क्लब तुला मागेल, तेव्हा तिथला महासंघ भारताच्या महासंघाला विचारतो आणि इथून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट जातं. याचा फायदा गावालाही आहे. उद्या तू व्यावसायिक झालास आणि पैसे देऊन तुझी खरेदी झाली, तर त्या रकमेतले ५ टक्के तुला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. नोंदच नसेल तर सेलूच्या क्लबला त्यातलं काय मिळणार?

एजंटाबद्दल थोडक्यात. २०२३ पासून फिफाचा परवाना परीक्षा देऊन मिळतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नाव टाइप कर, दोन मिनिटांचं काम आहे. कुणी कराराचा कागद समोर ठेवला आणि त्यात "मेडिकल पास झाल्यास" किंवा "वर्क परमिट मिळाल्यास" असं लिहिलं असेल, तर सही करू नकोस. खेळाडूच्या कराराला अशी अट घालायला फिफाच्या नियमात बंदी आहे.

आता खेळाचं, म्हणजे माझ्या जिव्हाळ्याचं.

पहिल्या दिवशी रोंदो झालं. पाच जण वर्तुळात, दोघं मध्ये, आणि मधल्यांना चेंडू मिळू द्यायचा नाही. मैदान कृत्रिम गवताचं, सरावाआधी त्यावर पाणी मारलेलं. माझ्याकडं पास आला आणि मी आपल्या सवयीनं तळव्यानं चेंडू दाबला. मुरमाच्या मैदानावर दुसरा इलाज नसतो. चेंडू कुठं उसळेल सांगता येत नाही, म्हणून आपण आधी दाबतो, मग बघतो, मग मारतो. तिथं मी मान वर करेपर्यंत चेंडू गेलेला होता. पुन्हा आला, पुन्हा तेच. पाचव्या वेळी प्रशिक्षकानं खेळ थांबवला, मला खांद्याला धरून अर्धवट वळवलं आणि लांबच्या पायाकडं बोट दाखवलं. म्हणजे चेंडू येतो त्या बाजूच्या पायानं नाही, पलीकडच्या पायानं घ्यायचा. मग अंग आपोआप मैदानाकडं उघडं राहतं आणि पुढचा पास दिसतो. एवढंच. पण ते अंगात मुरायला मला नोव्हेंबर उजाडला.

हे इथंच करून जा. शाळेची भिंत पुरते. भिंतीवर पास मार आणि चेंडू परत यायच्या आत एकदा खांद्यावरून मागं बघ. मागं दोस्ताला उभं कर, त्यानं हाताची बोटं दाखवायची आणि चेंडू घेता घेता तू आकडा सांगायचा. रोज २० मिनिटं, दोन्ही पायांनी. ऊन उतरल्यावर कर, मे महिन्यात दुपारी हे करण्यात कसलंही शौर्य नाही. मैदान खडबडीत असेल तर कॉलेजचा बास्केटबॉल कोर्ट बघ, सपाट फरशीवर चेंडू बराच तसा पळतो.

भाषेचे वर्ग लावशीलच, पण मैदानावरचे शब्द आधी पाठ कर. "सोलो" म्हणजे तुझ्याजवळ कुणी नाही, वेळ आहे. "आत्रास" म्हणजे मागं दे. "फुएरा" म्हणजे बाहेर काढ. "आ उन तोके" म्हणजे एकाच स्पर्शात. मी पहिले दोन महिने "सोलो" ऐकून घाबरून चेंडू मारत होतो, कारण ओरडण्याचा सूर आपल्याकडं "आला आला" म्हणतात तसाच होता. आणि तूही ओरड. गप्प राहणाऱ्या पोराला तिथं खेळ कळत नाही असं समजतात.

लोखंडी स्टडचे बूट नेऊ नकोस, कृत्रिम गवतावर चालत नाहीत. त्या गवतासाठीचे आखूड आणि जास्त स्टड असलेले तिथंच घे. सराव संध्याकाळी उशिरा असतो, कारण एकच मैदान चार संघांत वाटलेलं असतं. जेवण रात्री दहाला. शाकाहारी असशील तर "सिन कार्ने" म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही, तरी टूना नाही तर हॅम येतोच. "नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन", म्हणजे मांस नको, मासे नको, हॅम नको, असं तिन्ही सांग. हरभरे आणि मसूर मात्र भरपूर मिळतात, माझं त्यावरच निभावलं. घरून शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला ने. तूप, पेढे, खवा नको: युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. आईनं बांधून दिलेली तुपाची बरणी विमानतळावर टाकून द्यावी लागली, ते मला अजून लागतं.

दुखापतीच्या विम्याचं वेगळं विचारून घे. फिचा असली की खेळाडूंच्या विम्याचं संरक्षण तिच्याबरोबर येतं. फिचा नसताना मैत्रीपूर्ण सामन्यात गुडघा गेला, तर खर्च तुझा.

आणि घरी खरं सांग. मी चार महिने सांगितलं नाही. क्लबच्या सरावाच्या टी-शर्टमधला फोटो पाठवायचो, पप्पा तो भावकीच्या ग्रुपवर टाकायचे, सगळे अभिनंदन करायचे. आई रोज विचारायची, "जेवलास का रे? थंडी लई वाजायली का?" आणि मी सामन्याच्या गोष्टी रचून सांगायचो. जानेवारीत एका रात्री ते जमेना. सगळं सांगितलं. पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. आता कोणता कागद लागतो ते सांग."

फेब्रुवारीत मला १८ पूर्ण झाली. त्याआधीच पप्पांनी परभणीला दोन चकरा मारून जन्म दाखल्याची मराठी-इंग्रजी प्रत काढली होती आणि मी फक्त शालेय स्पर्धा खेळलोय असं जिल्हा संघटनेचं पत्र घेतलं होतं. मार्चमध्ये फिचा आली.

तिथं प्रत्येक अधिकृत सामन्याचा अहवाल निघतो, त्याला अक्ता म्हणतात. प्रादेशिक महासंघाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही उघडता येतो: दोन्ही संघांची नावं, कोण किती मिनिटाला आत आलं, सगळं. निघण्याआधी तो पत्ता घरच्यांच्या मोबाईलवर उघडून दाखव. म्हणजे तुझ्या शब्दावर किंवा एजंटाच्या शब्दावर कुणाला अवलंबून राहावं लागत नाही. माझा पहिला सामना शनिवारी सकाळी ११ ला होता, इथं दुपारचे साडेतीन. शेवटची १४ मिनिटं मला उजव्या बचावात उतरवलं. खोलीवर येऊन मी फोन हातात घेतला, तर पप्पांचा मेसेज आधीच येऊन पडला होता. अक्ताचा स्क्रीनशॉट, आणि १७ नंबरसमोरच्या माझ्या नावाभोवती बोटानं काढलेला वाकडातिकडा लाल गोल.