१२६ पैकी २२४ समित्या

इंदोरला अकरावीत असताना भंवरकुआंच्या शिकवणीतून लोकमान्य नगरला घरी आलो की आधी शीटच्या मागची उत्तरं बघायचो. जुळलं की पुढे, नाही जुळलं की पुन्हा आकडेमोड. क्रमचय-संचयाच्या, म्हणजे वस्तू किती प्रकारे मांडता किंवा निवडता येतात ते मोजायच्या धड्यानं ही सवय मोडली. इतर धड्यांत चुकलं की उत्तर निदान वेडंवाकडं येतं, संशय येतो. इथे चुकलेलं उत्तरही बरोबर उत्तरासारखंच नीटस पूर्णांक असतं.

गणित असं होतं: ५ पुरुष, ४ स्त्रिया, त्यांतून चौघांची समिती, निदान एक स्त्री हवीच. मी चौघींतून एक निवडली, उरलेल्या ८ जणांतून ३ (५६ प्रकार), गुणाकार केला आणि २२४ लिहून मोकळा झालो. जीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या मामेभावानं वही बघून एवढंच विचारलं, "अटच नसती तर किती समित्या झाल्या असत्या?" नऊ जणांतून चार, म्हणजे १२६. अट घातल्यावर माझ्या समित्या वाढल्या होत्या!

तेव्हापासून गणित हातात घेतलं की अटीविना एकूण किती, हे मी आधी समासात लिहितो. तुम्हीही लिहा, अर्धा मिनिट लागत नाही.

पण चुकलं कुठे, ते अजून कळलं नव्हतं. दादा म्हणाला, "आकडे लहान कर. आत्या, ताई आणि तू. तिघांतून दोघं, निदान एक बाई." बोटांवर मोजलं: आई-ताई, आई-मी, ताई-मी. तीनच. माझ्या रीतीनं मात्र दोन गुणिले दोन, चार. आई-ताई ही जोडी दोनदा आली होती: एकदा आई आधी निवडली आणि ताई नंतर, एकदा उलट.

मग मूळ गणिताच्या केसेस पाडल्या. एक स्त्री असलेल्या समित्या ४०, दोन असलेल्या ६०, तीन असलेल्या २०, चारही असलेली १. बेरीज १२१. एकूण १२६ मधून नुसत्या पुरुषांच्या ५ वजा केल्या तरी १२१. आणि माझे २२४? ४० एकदा, ६० दोनदा, २० तीनदा, १ चारदा मोजून बघा, बरोबर २२४ भरतात. चुकीचा असा पैन्‌पैचा हिशेब लागला, तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

लहान आकडे घेऊन मोजण्यात कमीपणा मानू नका. भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ.स. ११५०) शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलून बदलून किती मूर्ती होतील, असं विचारलंय. उत्तर ३६,२८,८००. पण त्याच उदाहरणात चार हातांचा हरीही आहे, त्याच्या २४ मूर्ती. त्या चोवीस वहीच्या एका पानावर ओळीनं मांडता येतात. नवीन सूत्र हाती आलं की मी ते आधी तीन-चार वस्तूंवर असं चालवून बघतो.

छापलेलं उत्तरही चुकू शकतं, हे मी जरा उशिरा शिकलो. एका शिकवणीच्या शीटवर इंदोरच्या इंग्रजी स्पेलिंगवर (INDORE) प्रश्न होता: सहा अक्षरं, कोणतेही दोन स्वर शेजारी नकोत. मागे उत्तर ५७६. माझं येत होतं १४४: तीन व्यंजनं मांडली (६), त्यांच्या चार फटींत तीन स्वर बसवले (२४). दोन दिवस मी माझीच रीत पिरगाळत बसलो. शेवटी सगळ्या केसेस मांडल्या. तिन्ही स्वर एकत्र १४४, नेमके दोनच शेजारी ४३२, सगळे सुटे १४४. बेरीज ७२०, म्हणजे सहा अक्षरांच्या एकूण मांडण्या, एकही कमी-जास्त नाही. ५७६ हे "तिन्ही एकत्र नकोत" या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. ७२० मधून १४४ वजा केलेलं.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे ती बेरीज ठेवली. त्यांनी ती एकदा स्वतः करून पाहिली आणि फळ्यावर लिहिलं, "उत्तर १४४ करून घ्या."