आयेल्ट्सची शब्दसंपत्ती: नवे शब्द नंतर, आधी अर्धे ओळखीचे

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला बसायचं ठरलं की पहिल्यांदा विकत घेतलं जातं ते शब्दांचं जाडजूड पुस्तक. मग रोज पन्नास शब्दांचा नेम सुरू होतो आणि बहुधा आठवड्याभरात मोडतो. मोडला तर फार बिघडत नाही. भाराभर चिंध्या गोळा करून या परीक्षेत काही हाती लागत नाही.

रायटिंग आणि स्पीकिंग या दोन्ही भागांत चार निकषांवर गुण दिले जातात आणि शब्दसंपत्ती हा त्यातला एक, म्हणजे पाव हिस्सा. सातच्या बँडसाठी, म्हणजे गुणपातळीसाठी, कमी प्रचलित शब्द यावेत अशी अपेक्षा आहेच, पण त्यासोबत शैलीचं आणि शब्दांच्या जोड्यांचं भानही तपासलं जातं. ‘प्लेथोरा’ किंवा ‘मिरियड’ (दोन्हींचा अर्थ ‘भरपूर’) कुठेही कोंबले तर परीक्षक भारावून जात नाही, उलट त्याला पाठांतराचा वास येतो.

म्हणून सुरुवात चाळणीपासून करा. न्यूझीलंडमधल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये अभ्यासविषयक लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं) यादी प्रसिद्ध केली. ती इंटरनेटवर सहज सापडते. पहिला गट उघडलात तर ‘असेस’, ‘सिग्निफिकंट’, ‘एव्हिडन्स’, ‘पॉलिसी’ असे शब्द दिसतील. हे तर येतात, असं वाटेल. वाचताना कळतात, हे खरं. पण गेल्या महिन्यात यातला कुठला शब्द तुमच्या स्वतःच्या वाक्यात आला? जो आला नाही त्यावर खूण करा. तुमचा खरा अभ्यासक्रम या खुणांचा आहे. अगदी अनोळखी शब्द पुढे बघता येतील.

आता प्रत्येक खुणेच्या शब्दाचं एक कार्ड करा. नुसता अर्थ लिहून भागत नाही, शब्दाचा जोडीदारही लिहायचा. मराठीत पाऊस ‘पडतो’ आणि वारा ‘सुटतो’. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’. ‘रिसर्च’ ‘मेक’ करत नाहीत, ‘कंडक्ट’ करतात. ‘इकॉनॉमिक’च्या पुढे ‘ग्रोथ’ येते, तर कमी पेट्रोल पिणारी गाडी ‘इकॉनॉमिकल’ असते. कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी जोडी आणि तुमचं स्वतःचं एक वाक्य. उजळणी करताना मराठी बाजू आधी बघा. इंग्रजी बघून मराठी आठवणं सोपं असतं, पण परीक्षेत उलटं लागतं.

दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने तेच कार्ड पुन्हा काढा. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवलं होतं. अंकीसारखं अ‍ॅप हा हिशेब आपोआप ठेवतं. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलने अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. बसायला जागा मिळाली नाही तरी मोबाइलवर तेवढ्यात उजळणी होते.

वापराचा सराव मात्र विषय धरून करा, आणि विषय दाराशीच शोधा. ठाणे खाडीचंच बघा. रोहित पक्ष्यांसाठी 2015 मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि आजूबाजूला इमारती वाढतच आहेत. विकास की पर्यावरण हा निबंधाचा नेहमीचा विषय इथे आयता मिळतो. ‘लॉस ऑफ हॅबिटॅट’, ‘पोज अ थ्रेट टू’, ‘स्ट्राइक अ बॅलन्स बिटवीन’ अशा पाच-सहा जोड्या निवडा आणि 40 मिनिटांत 250 शब्द लिहा. पुढे प्रश्न अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर आला तरी याच जोड्या चालतात. वाहतूक, घरांच्या किमती, पाणीपुरवठा हे विषयही असेच घ्या. तोंडी परीक्षेत नवा उदाहरणसंच जुळवायला वेळ मिळत नाही, तिथे ओळखीचा विषय फार उपयोगी पडतो.

स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत बोलणं असतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ‘व्हेरी गुड’, ‘नाइस’, ‘थिंग्ज’ किती वेळा आलं ते मोजा आणि त्या जागी कार्डातलं काय बसलं असतं ते ठरवून लगेच पुन्हा बोला. आपल्याकडच्या सवयीच्या चुकाही याच वेळी पकडा: ‘डिस्कस अबाउट’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘इक्विपमेंट्स’. जादा ‘अबाउट’ किंवा चुकीचा ‘एस’ काढला की वाक्य लगेच सुधारतं, आणि त्यासाठी एकही नवा शब्द लागत नाही.

शेवटच्या आठवड्यात नवीन कार्ड करू नका, स्पेलिंगकडे वळा. लिसनिंगच्या 40 उत्तरांत स्पेलिंग चुकलं की गुण गेला. ‘अकोमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम, ‘गव्हर्नमेंट’मध्ये मधला एन. ब्रिटिश किंवा अमेरिकन कुठलंही स्पेलिंग चालतं, पण लेखनात एकच धरून राहा. घरातल्या कुणालाही रोज दहा शब्द वाचून दाखवायला सांगा आणि पेनने लिहा. परीक्षा कम्प्युटरवर देणार असाल तर ऑटोकरेक्ट बंद करून टाइप करा.