काळ खरा की भास? सोलापूरच्या गच्चीवर करून पाहायची मोजणी

हा प्रश्न थेट सोडवायला गेले की गाडी अडते, कारण त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. घड्याळातला आकडा खरा का? सगळीकडे एकच ‘आत्ता’ असतो का? आणि दोन घटनांमध्ये गेलेला वेळ खरा का? तिन्ही सुटे करा आणि वेगवेगळे मोजा. पहिली मोजणी उन्हात करायची, उरलेल्या दोन कागदावर.

घड्याळातले बारा

डिसेंबर-जानेवारीतले निरभ्र दोन दिवस निवडा. गच्चीला पाण्यासाठी ढाळ असतो, म्हणून 8 × 4 फुटी प्लायवूड, लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवून टाका आणि खाली पाचरी मारून स्पिरिट लेव्हलने सपाट करा. दक्षिणेच्या टोकाला 1 मीटर उंचीवर जाड पुठ्ठा आडवा, हलणार नाही असा बांधा. पुठ्ठ्याला 5 मिमीचे भोक पाडा. खाली सावलीत जो दीड सेंटिमीटरच्या आसपासचा गोल कवडसा पडतो, तो सूर्याची प्रतिमा असतो. नुसती काठी उभी करू नका. सूर्य अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे काठीच्या टोकाची सावली पुसट पडते आणि खूण नेमकी कुठे करावी ते कळत नाही.

भोकातून ओळंबा सोडून प्लायवूडवर बिंदू घ्या. सर्वांत जास्त चुका इथेच होतात: हा बिंदू 1 सेंटिमीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकला, तर वेळ सुमारे दोन मिनिटांनी चुकते.

पहिल्या दिवशी 11 च्या सुमारास कवडशाच्या मध्यावर खूण करा. ओळंब्याच्या बिंदूपासून त्या खुणेपर्यंत सुतळी धरून वर्तुळाचा कंस काढा. दुपारी दीड ते सव्वादोनच्या दरम्यान कवडसा तोच कंस पुन्हा ओलांडेल, तिथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य ओळंब्याच्या बिंदूला जोडला की खरी उत्तर-दक्षिण रेषा मिळाली. होकायंत्र नको, स्लॅबमधल्या सळ्या त्याची सुई ओढतात.

दुसऱ्या दिवशी कवडशाचा मध्य या रेषेवर आला की मोबाइलवरची वेळ लिहा. माध्यान्ही कवडसा मिनिटाला साधारण 5 मिमी सरकतो, त्यामुळे नीट पाहिले तर अर्ध्या मिनिटापर्यंत अचूकता मिळते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे मकरसंक्रांतीच्या सुमारास, उत्तर 12:35 च्या आसपास यायला हवे. पडताळा हवा असेल तर सोलापूरच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांची सरासरी काढा. पंचांगातून घेत असाल तर वेळा कोणत्या गावाच्या आहेत, ते आधी पाहा.

बारा वाजता का नाही? प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सोलापूर 75.9 अंशांवर. अंशाला 4 मिनिटे, म्हणजे 26 मिनिटांचा फरक. बाकीचा फरक सूर्याच्या असमान चालीचा: पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला आहे. म्हणून इथली माध्यान्ह 11 फेब्रुवारीच्या सुमारास 12:40 ला, तर 3 नोव्हेंबरच्या सुमारास 12:10 ला येते. मे महिन्यात हा प्रयोग करू नका. दुसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्ही तो उत्तरेलाच असतो आणि कवडसा ओळंब्याच्या बिंदूला जवळपास चिकटतो.

तेव्हा ‘बारा’ हा आकडा ठरवून घेतलेला आहे. पण त्यावरून काळच खोटा ठरवणे चूक आहे. आकडा बदलला तरी दोन माध्यान्हींमधला वेळ बदलत नाही.

सगळ्यांचा एकच ‘आत्ता’

आइन्स्टाइनच्या 1905 च्या विशेष सापेक्षता सिद्धांतानुसार दूरच्या ठिकाणचा ‘आत्ता’ पाहणाऱ्याच्या गतीवर ठरतो. सूत्र सोपे आहे: चालण्याचा वेग भागिले प्रकाशाचा वेग, गुणिले प्रकाशवर्षांतले अंतर. उत्तर वर्षांत येते.

देवयानी दीर्घिका सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. ती ईशान्येला उगवत असताना सिद्धेश्वर तलावाच्या काठी एक जण ताशी 5 किमीने, म्हणजे सेकंदाला 1.4 मीटरने, तिच्या दिशेने चालतो आणि दुसरा उलट दिशेने. गणित करा: 0.0117 वर्षे, म्हणजे सव्वाचार दिवस. शेजारून जाताना दोघांच्या देवयानीवरच्या ‘आत्ता’मध्ये साडेआठ दिवसांचा फरक पडतो. पृथ्वीची स्वतःची गती दोघांना सारखीच आहे, ती यात मिळवू नका. आणि यात कोणालाही भविष्य दिसत नाही, तिथला प्रकाश यायला 25 लाख वर्षे लागतात. भास म्हणायचेच असेल, तर विश्वभर पसरलेल्या एकाच ‘आत्ता’ला म्हणा.

घड्याळाने स्वतः मोजलेला वेळ

1915 च्या व्यापक सापेक्षतेनुसार उंचावरचे घड्याळ जलद चालते. उंची मीटरमध्ये घ्या, 9.8 ने गुणा, प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा आणि दिवसातल्या 86,400 सेकंदांनी गुणा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटर उंच आहे. उत्तर येते दिवसाला सुमारे 4 नॅनोसेकंद, मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घड्याळाच्या तुलनेत. अक्षांशानुसार बदलणारा पृथ्वीच्या फिरण्याचा वेग वेगळा धरण्याचा मोह टाळा. पृथ्वीच्या फुगीरपणामुळे समुद्रसपाटीवर तो फरक भरून निघतो.

हा फरक घरच्या घड्याळात दिसणार नाही. पण जीपीएस उपग्रहांची घड्याळे उंची आणि वेग यांच्या एकत्रित परिणामाने दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात सुमारे 11 किमीची चूक साचते. दोन घड्याळे वेगळ्या वाटांनी नेऊन परत शेजारी ठेवली, तर त्यांच्यातला फरक कुणीही कुठूनही पाहिला तरी तेवढाच भरतो. काळाचा हा भाग भौतिकशास्त्र खराच मानते. पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणूंच्या पातळीवरचे भौतिकशास्त्र) आणि गुरुत्वाकर्षण एकत्र आणणाऱ्या 1967 च्या व्हीलर-डेविट समीकरणात मात्र काळाची राशीच नाही. तिथून घड्याळाचा काळ परत कसा मिळवायचा, यावर अजून एकमत झालेले नाही.