पुनर्चक्रित रेझरकडे वळताना या चुका टाळा

वापरून फेकण्याचे प्लास्टिकचे रेझर सोडून पुनर्चक्रित सामग्रीचा रेझर घ्यावा, हा विचार रास्त आहे; मात्र पहिली चूक बहुधा खरेदीच्या वेळीच होते. घरातला रेझर अजून चांगला चालत असताना केवळ नवा ‘हिरवा’ रेझर आला म्हणून तो कचऱ्यात टाकला, तर कचरा कमी होण्याऐवजी त्यात भरच पडते. आधी हाताशी आहे ते संपवावे.

दुसरी चूक म्हणजे वेष्टनावरील ‘इको-फ्रेंडली’ या शब्दावर विसंबणे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे दावे करणाऱ्याने त्यांना पुरेसा आधार देणे अपेक्षित आहे. म्हणून पुनर्चक्रित काय आहे, मूठ की संपूर्ण रेझर, आणि त्याचे प्रमाण किती, हे वाचून पाहावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘प्रिझर्व्ह’ ही कंपनी दह्याच्या रिकाम्या डब्यांसारख्या पॉलिप्रॉपिलीनपासून, म्हणजे तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा असलेल्या प्लास्टिकपासून, मुठी बनवते. कल्पना उत्तम आहे, परंतु मूठ वर्षानुवर्षे टिकते आणि कार्ट्रिज, म्हणजे मुठीवर बसणारे पात्यांचे डोके, मात्र बदलावेच लागते. त्यात पोलाद आणि प्लास्टिक इतके घट्ट जोडलेले असतात की सामान्य भंगारात ते वेगळे करणे परवडत नाही. शिवाय तेच कार्ट्रिज आपल्या गावात मिळत नसेल, तर मूठ कितीही पर्यावरणस्नेही असली तरी खणात पडून राहील. माझ्या मते, म्हणूनच दोन धारांचे साधे ब्लेड बसणारा धातूचा रेझर अधिक शहाणपणाचा ठरतो. ते ब्लेड किराणा दुकानातही मिळते आणि त्यात प्लास्टिक नसते.

खरी अडचण मात्र दाढी करताना येते. कार्ट्रिज दाबून ओढण्याची सवय हाताला इतकी जडलेली असते की धातूचा रेझरही तसाच दाबला जातो, आणि हनुवटीखाली रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागतात. जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीच्या या ब्लेडला दाब नव्हे, कोन लागतो. रेझरचे डोके गालाला टेकवून मूठ हळूहळू खाली आणावी आणि पाते त्वचेशी साधारण 30 अंशांचा कोन करून केस कापू लागले की तिथेच थांबावे. पुढचे काम रेझरच्या वजनावर सोडावे. पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेनेच फिरवावा. उलटी दाढी करण्याची घाई केल्यास मानेवर पुरळ उठते आणि केस त्वचेत वळून वाढतात. हात स्थिर होईपर्यंत एवढ्यावरच समाधान मानावे. किरकोळ काप गेलाच, तर ओल्या तुरटीचा खडा फिरवावा.

ब्लेड लवकर बोथट होते अशी तक्रार असल्यास आधी दाढी पुरेशी भिजते का ते पाहावे. पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असलेला केस ब्लेडच्या धारेचे सूक्ष्म कपचे उडवू शकतो, हे अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले. कोमट पाण्याने भिजलेला केस मऊ होतो, म्हणून फेस लावण्यापूर्वीची दोन-तीन मिनिटे वाया जात नाहीत. नंतर ब्लेडची धार टॉवेलने पुसू नये. रेझर स्वच्छ धुऊन, पाणी झटकून कोरड्या जागी ठेवावा.

बोअरच्या पाण्यामुळे रेझरवर क्षारांचा पांढरा थर जमतो. तो काढण्यासाठी रेझर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण अनेक स्वस्त रेझरच्या मुलाम्याखाली जस्ताचा मिश्रधातू असतो आणि आम्ल त्याला खाते. पातळ केलेल्या व्हिनेगरात बुडवलेल्या ब्रशने थर घासून लगेच धुणे पुरेसे असते. रेझर पुनर्चक्रित ॲल्युमिनियमचा असेल, तर धुण्याचा सोडा आणि ब्लीच यांपासूनही तो दूर ठेवावा. प्लास्टिकच्या मुठीला उकळते पाणी लावू नये.

सर्वांत गंभीर चूक शेवटी होते: बोथट ब्लेड कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकले जाते आणि कचरा वेगळा करणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात ब्लेड टाकत जावे. डबा भरला की चीर ठोकून बंद करावी आणि आत ब्लेड आहेत हे स्पष्ट सांगून, तो घेण्यास तयार असलेल्या भंगारवाल्याकडे द्यावा.