टीमची प्रेरणा ओळखताना या चुका टाळा

एखादा कामसू सहकारी हळूहळू थंडावतो, मीटिंगमध्ये गप्प बसू लागतो, मुदत संपता संपता कसेबसे काम हातावेगळे करतो, आणि त्याचा टीमप्रमुख ‘याच्यात आता जिद्दच उरलेली नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावात शोधण्याची ही सवय मानसशास्त्राला चांगलीच परिचित आहे. ली रॉस यांनी 1977 मध्ये तिला ‘मूलभूत आरोपण दोष’ या अर्थाचे नाव दिले. म्हणून प्रेरणेचा विचार करण्याआधी साध्या गोष्टी तपासाव्यात: काम नेमके काय आहे हे त्या व्यक्तीला कळले आहे का, निर्णयाचा अधिकार तिच्याकडे आहे का, आवश्यक माहिती वेळेवर मिळते का. तीच व्यक्ती दुसऱ्या एखाद्या कामात उत्साहाने पुढे होत असेल, तर दोष बहुधा माणसात नसून कामाच्या रचनेत असतो, आणि तिथे प्रोत्साहनपर भाषणाचा काहीही उपयोग होत नाही.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. ‘मी कामाच्या समाधानासाठी झटतो, बाकीचे मात्र पगारासाठी येतात’ असे बहुतेकांना मनातून वाटत असते. चिप हीथ यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हाच कल दिसला होता: पैसा आणि नोकरीची शाश्वती यांसारख्या बाह्य गोष्टींची ओढ आपल्यापेक्षा इतरांना जास्त असते, असे लोक धरून चालतात. असे धरून चालणारा प्रमुख प्रत्येक अडचणीवर बोनसचा उतारा काढतो. पण हा उतारा उलटूही शकतो. एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली, तेव्हा ज्यांना त्याचे पैसे मिळाले त्यांचा त्या कोड्यांतला रस पैसे थांबताच ओसरलेला दिसला. 1973 मध्ये चित्रे काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर झालेल्या प्रयोगात बक्षीस आधी कबूल केलेल्या मुलांची गोडी नंतर कमी झाली. ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले त्यांची मात्र कमी झाली नाही. मुळातच कंटाळवाण्या कामाला हा धोका फारसा नसतो, कारण तिथे गमावण्याजोगी गोडीच नसते. (‘पैशाने प्रेरणा मिळत नाही’ हे वाक्य तुटपुंज्या पगाराचे समर्थन म्हणून वापरणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे, अपुऱ्या वेतनाची खंत कितीही रंजक काम दिले तरी भरून निघत नाही.)

कोचिंगच्या, म्हणजे सहकाऱ्याला प्रश्न विचारत त्याचा मार्ग त्यालाच शोधायला मदत करणाऱ्या संवादाच्या, पहिल्याच बैठकीत ‘तुम्हाला कशामुळे प्रेरणा मिळते?’ असे थेट विचारणे ही तिसरी चूक. या प्रश्नाला शोभेल असे उत्तर मिळते, खरे क्वचितच. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 200 अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखती घेताना वेगळी वाट धरली होती, आणि 1959 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कामाबद्दल विशेष चांगले किंवा विशेष वाईट वाटले असा एखादा प्रत्यक्ष प्रसंग सांगा, एवढेच त्यांनी विचारले. आजही हीच पद्धत सर्वांत हाताशी येणारी आहे. ‘गेल्या महिन्यात कोणत्या कामात वेळेचे भान राहिले नाही?’ किंवा ‘कोणते काम तुम्ही सारखे उद्यावर ढकलता?’ असे विचारले की माणूस तत्त्वे सोडून घटनांबद्दल बोलू लागतो. तरीही या पद्धतीवर घेतला जाणारा आक्षेप लक्षात ठेवावा: यशाचे श्रेय स्वतःकडे आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर, ही वृत्ती सांगितलेल्या प्रसंगांतही उतरते. म्हणून ऐकलेले आणि पाहिलेले ताडून बघावे. कोणी न सांगता ती व्यक्ती काय हाती घेते, कशावर नको तितका वेळ घालवते, कोणाला मदत करायला धावते, यातून पुष्कळ कळते.

गरजांचा त्रिकोण (तळाशी अन्नपाण्यासारख्या मूलभूत गरजा, टोकाला स्वतःच्या क्षमतांचा पूर्ण विकास) भिंतीवर लावून सगळ्यांना एकाच पायरीवर मोजणे हीदेखील नित्याची चूक आहे. अब्राहम मॅस्लो यांच्या 1943 च्या मूळ लेखात तो त्रिकोण नाहीच, आणि गरजांचा क्रम ताठर नसतो हे त्यांनी तिथेच स्पष्ट केले होते.

सर्वांत कमी लक्ष जाते ते नेत्याच्या स्वतःच्या प्रेरणेकडे. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी कर्तृत्वाची, आपलेपणाची आणि प्रभाव पाडण्याची अशा तीन गरजांचा अभ्यास केला. पहिली प्रबळ असणाऱ्या उत्तम कारागिराला बढती मिळते, आणि दुसऱ्याकडून काम करवून घेण्यात त्याला समाधान मिळत नसल्याने तो अवघड कामे पुन्हा स्वतःकडे ओढतो; टीम मग सूचनांची वाट पाहत बसते आणि त्यालाच ती निरुत्साही वाटू लागते. आपलेपणाची गरज मोठी असलेला प्रमुख अप्रिय फीडबॅक लांबवतो, आणि चांगले काम करणारेच आधी वैतागतात. दोन्ही ठिकाणी कोचिंग टीमला नव्हे, प्रमुखाला लागते.

कोचिंगमध्ये विश्वासाने सांगितलेली गोष्ट अप्रेझलमध्ये (कामाच्या औपचारिक मूल्यमापनात) वापरली, तर पुढचे प्रत्येक उत्तर पढवलेले मिळेल. म्हणून हे दोन संवाद वेगळे ठेवावेत आणि शक्य असल्यास वेगळ्या व्यक्तींनी करावेत.

एखाद्याला कशामुळे प्रेरणा मिळते याचा अंदाज बांधून झाला की एका वेळी एकच बदल करावा: निर्णयाचा एखादा अधिकार द्यावा, किंवा ग्राहकाची प्रतिक्रिया थेट त्या व्यक्तीपर्यंत पोहोचू द्यावी. पाच बदल एकदम केले तर कशाचा उपयोग झाला हे कळत नाही. काही आठवड्यांत फरक दिसला नाही, तर अंदाज चुकला असे धरून पुन्हा प्रसंग विचारायला बसावे.